रोहिणखेड : घाटाखालची सरहद्द आणि कायद्याची चौकट

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड या गावी १५८२ साली बांधलेली एक मशीद आहे. राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून ती केंद्र सरकारने संरक्षित केली असून तिची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे. याच गावाच्या परिसरात दख्खनच्या राजकारणाची दिशा बदलणाऱ्या दोन लढाया झाल्या. पहिली १४३७ मध्ये आणि दुसरी १५९१ मध्ये. केंद्राच्या यादीत रोहिणखेडच्या नावापुढे मशिदीची नोंद आहे, रणभूमीची नाही. कायद्याने वास्तू ओळखली, पण ती वास्तू जिथे उभी आहे त्या सरहद्दीला ओळखले नाही. रोहिणखेडचे महत्त्व मुख्यतः सरहद्दीवरील गाव म्हणूनच असल्याने ही उणीव किरकोळ मानता येत नाही.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्यात आजही माणसाचा मुलूख सांगताना ‘घाटावरचा’ की ‘घाटाखालचा’ असे विचारले जाते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर हा वरचा पठारी प्रदेश, तर मोताळा, मलकापूर, नांदुरा हा पूर्णेच्या खोऱ्यातील सखल प्रदेश. जुन्या दप्तरांत या दोन भागांना बालाघाट आणि पायनघाट अशी नावे आढळतात. रोहिणखेड हे या रांगेच्या थेट पायथ्याशी, घाट जिथे उतरतो तिथे वसलेले आहे. फार्सी बखरकारांनी आणि इंग्रजी गॅझेटियरने त्याचा उल्लेख ‘रोहनखेड’ असा केला आहे.

खानदेशातून वऱ्हाडात येणाऱ्या आणि दौलताबाद-अहमदनगरकडून बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या फौजांना हा घाट ओलांडावा लागे. फारुकी सुलतानांचा खानदेश, बहामनींचे आणि पुढे इमादशाहीचे वऱ्हाड, आणि १५७४ मध्ये वऱ्हाड गिळंकृत करणारी अहमदनगरची निजामशाही, या सत्तांच्या हद्दी या टापूत एकमेकींना भिडत. येथे तटबंदीची सलग भिंत कोणी बांधली नाही. डोंगराची कड, घाटाची वाट आणि पायथ्याचे गाव हीच येथील सीमारेषा होती.

दोन लढाया

पहिल्या लढाईचे निमित्त घरगुती होते. खानदेशचा सुलतान नासिर खान फारुकी याची कन्या बहामनी सुलतान अलाउद्दीन अहमद याला दिली होती. अलाउद्दीनने संगमेश्वरच्या राजाची कन्या जनानखान्यात आणल्यावर पहिल्या बेगमेने पित्याकडे गाऱ्हाणे मांडले, आणि नासिर खानाने वऱ्हाडावर स्वारी केली. वऱ्हाडातील अनेक सरदार त्याला फितूर झाले. बहामनी सुभेदार नरनाळ्याच्या किल्ल्यात अडकून पडला. तेव्हा दौलताबादचा सुभेदार खलफ हसन बसरी, ज्याला मलिक-उत्-तुज्जार हा किताब होता, याला मोहिमेवर धाडण्यात आले. दख्खनी सरदारांवर भरवसा नसल्याने त्याने केवळ परदेशी, म्हणजे इराणी-अरब-तुर्की मुलखांतून आलेले सैन्य मागून घेतले. रोहिणखेड येथे त्याने नासिर खानाचा पराभव केला, बुऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग करून ते शहर लुटले आणि पुढे धुळ्याजवळच्या लळिंग येथे खानदेशी फौजेला पुन्हा गाठले. नासिर खान त्याच वर्षी मरण पावला.

या विजयाचा परिणाम वऱ्हाडापुरता राहिला नाही. सुलतानाने दरबारात परदेशी सरदारांना उजव्या बाजूचा मान दिला आणि दख्खनींना डावीकडे बसवले. दख्खनी आणि परदेशी यांच्यातील ज्या वैराने पुढे बहामनी राज्य पोखरले, त्याला या मानापमानाने धार आली. पंधराव्या शतकातील दख्खन समजून घेताना रोहिणखेडचे नाव टाळता येत नाही, ते या कारणासाठी.

दुसरी लढाई बापलेकांच्या नावाने झाली. १५८९ मध्ये अहमदनगरच्या गादीवर इस्माईल या अल्पवयीन राजपुत्राला बसवण्यात आले. कारभाराची सूत्रे जमाल खान या सरदाराकडे होती. जमाल खान महदवी पंथाचा होता. सय्यद मुहम्मद जौनपुरी यांना महदी मानणारा हा पंथ त्या काळात दख्खनमध्ये बराच पसरला होता, आणि जमाल खानाच्या अमदानीत त्याला राजाश्रय मिळाला. इस्माईलचा पिता बुऱ्हाण हा तेव्हा अकबराच्या आश्रयाला होता. मुलाच्या गादीवर आपला हक्क सांगत तो दक्षिणेत उतरला आणि खानदेशचा राजा अली खान त्याच्या मदतीला आला. १५९१ मध्ये (जुन्या गॅझेटियरमध्ये हे वर्ष १५९० असे दिले आहे) रोहिणखेडला दोन्ही फौजा भिडल्या. जमाल खान मारला गेला, इस्माईल पित्याच्या हाती लागला आणि बुऱ्हाण निजामशहा म्हणून गादीवर आला. महदवींचा राजाश्रय त्याच वेळी संपला. पाच वर्षांत, १५९६ मध्ये, वऱ्हाड मोगलांकडे गेले.

रोहिणखेडची मशीद याच कथेचा भाग आहे. ती बांधणारा खुदावंद खान हा स्वतः महदवी आणि जमाल खानाच्या पक्षातील होता. जिल्ह्यातील साखरखेर्डा, म्हणजे १७२४ मधील निजामाच्या विजयानंतर ज्याला फत्तेखेर्डा म्हटले गेले, तेथील मशीदही त्यानेच १५८१ मध्ये उभारली. रोहिणखेडच्या मशिदीला इंपीरियल गॅझेटियरने लहान पण देखणी असे म्हटले आहे. ज्या पंथाच्या सरदाराने ही वास्तू बांधली, त्या पंथाची सत्ता नऊ वर्षांनी त्याच गावच्या परिसरात बुडाली. मशीद आणि रणभूमी यांचा अर्थ एकमेकींवाचून पुरता लागत नाही. कायद्याने मात्र त्यांची फारकत केली आहे.

संरक्षण कसे मिळते

भारतात स्मारक संरक्षणाचा पहिला समग्र कायदा लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, १९०४ मध्ये झाला. वऱ्हाडाची स्थिती त्या वेळी चमत्कारिक होती. १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे, पण सार्वभौमत्व नावापुरते निजामाचे. १९०२ च्या करारान्वये वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात हा प्रदेश कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आला, तरीही कायद्याच्या भाषेत तो ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता; तेथील कायदे वऱ्हाडास स्वतंत्रपणे लागू करावे लागत. घाटाखालच्या या मुलखाचे सीमेवरचे नशीब विसाव्या शतकातही सुटले नव्हते, असेच म्हणावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने या विषयाची तीन वाटण्यांत विभागणी केली. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके संघसूचीत (नोंद ६७), इतर प्राचीन स्मारके राज्यसूचीत (नोंद १२), आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांखेरीज अन्य पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती सूचीत (नोंद ४०). १९५१ मध्ये संसदेने कायदा करून आधीच्या संरक्षित स्मारकांना राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला, आणि १९५८ मध्ये आजचा मुख्य कायदा आला : प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम. महाराष्ट्राने त्याच धर्तीवर १९६० मध्ये आपला कायदा केला. केंद्राची महाराष्ट्रातील संरक्षित स्मारके सुमारे २८५ आहेत. विदर्भातील स्मारके सर्वेक्षण विभागाच्या नागपूर मंडळाकडे येतात.

१९५८ च्या कायद्यात दोन व्याख्या आहेत, आणि रोहिणखेडच्या प्रश्नाची गुरुकिल्ली त्यांच्यात आहे. पहिली ‘प्राचीन स्मारका’ची. यात इमारत, थडगे, लेणे, शिलालेख, एकाश्म अशा गोष्टी येतात. त्या किमान शंभर वर्षे जुन्या असाव्या लागतात. दुसरी व्याख्या ‘पुरातत्त्वीय स्थळ व अवशेष’ यांची. ज्या क्षेत्रात शंभर वर्षांहून जुने, ऐतिहासिक महत्त्वाचे अवशेष आहेत, किंवा असल्याचे सबळ कारणाने मानता येते, असे कोणतेही क्षेत्र या व्याख्येत बसते. तेथे भिंत उभी असण्याची अट नाही. रणभूमी कायद्याबाहेर आहे, असा जो समज आढळतो तो या दुसऱ्या व्याख्येपुढे टिकत नाही.

शंभर मीटरांचे वर्तुळ

मशिदीसारख्या वास्तूला मिळणारे संरक्षण आज बरेच कडक आहे. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवले. मधल्या काळात प्रतिबंधित क्षेत्रातही एका सल्लागार समितीमार्फत बांधकामाच्या परवानग्या दिल्या जाऊ लागल्या. ऑक्टोबर २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती समिती कायद्याला धरून नसल्याचे ठरवले. त्यानंतर २०१० मध्ये कायद्यातच दुरुस्ती होऊन या मर्यादा कलमांमध्ये आल्या, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले आणि शिक्षा वाढली. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सार्वजनिक कामांना येथे सूट देणारे विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेने संमत केले होते; त्याचा कायदा झाला नाही.

हे संरक्षण गावकऱ्याला महाग पडते, ही गोष्ट शहरी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. स्मारक एक बिंदू धरले तरी ३०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ सुमारे २८ हेक्टरचे, म्हणजे ७० एकरांचे होते. स्मारक गावठाणात असेल तर वर्तुळात घरे, गोठे, शाळा, दुकाने सारे येते. १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती करता येते, पण त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. वाढत्या कुटुंबाला नवी खोली मात्र बांधता येत नाही. प्रत्येक स्मारकासाठी परिसराची पाहणी करून स्वतंत्र वारसा उपविधी करावेत, असे २०१० ची दुरुस्ती सांगते. तसे झाले तर नियंत्रित क्षेत्रात कोठे काय चालेल हे आगाऊ कळते आणि अर्जदाराची धावपळ वाचते. वर्तुळ कंपासने काढलेले असते, इतिहास तसा गोल नसतो. त्यामुळे जेथे काहीच नाही तेथे बंदी, आणि जेथे लढाई झाली त्या माळावर मुक्तद्वार, असा विपरीत प्रकार घडतो.

वर्तुळाबाहेरील जमिनीत काय असू शकते, याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. २०२४ मध्ये सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवराव यांच्या समाधीच्या परिसरात काम चालू असताना जमिनीखाली मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती सापडली. तोवर वरून पाहणाऱ्याला तेथे केवळ जमीन दिसत होती.

रोमन सरहद्दीचा दाखला

सरहद्द हीच एक पुरातत्त्वीय वस्तू आहे, हा विचार कायद्यात उतरवण्याचे काम युरोपात रोमन साम्राज्याच्या सीमेने केले. ब्रिटनच्या उत्तरेला सम्राट हेड्रियनने इसवी सन १२२ च्या सुमारास बांधायला घेतलेली भिंत सुमारे ११८ किलोमीटर लांबीची आहे. तिचा बराच भाग आज दिसत नाही. दगड शेजारच्या घरांत, चर्चमध्ये, रस्त्यांत गेले. उरले ते खंदक, मातीचे उंचवटे, बुजलेल्या चौक्या. १९३० च्या सुमारास भिंतीला लागून दगडखाणीचा बेत पुढे आला. भिंतीला हात लावायचा नव्हता, फक्त तिच्या कडेचा डोंगर फोडायचा होता, आणि तेव्हाचा कायदा त्याला अडवू शकत नव्हता. लोकमत खवळले, आणि १९३१ च्या ब्रिटिश कायद्याने स्मारकाभोवतीच्या परिसरासाठी जतन योजना करण्याचा अधिकार सरकारला दिला. वास्तू सुरक्षित, पण तिला अर्थ देणारी भूमी असुरक्षित, हा रोहिणखेडचाच पेच तेथे नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

१९८७ मध्ये हेड्रियनची भिंत जागतिक वारसा ठरली. २००५ मध्ये जर्मनीतील सुमारे ५५० किलोमीटरची रोमन सीमा, आणि २००८ मध्ये स्कॉटलंडमधील अँटोनाइन भिंत तिच्याशी जोडून ‘रोमन साम्राज्याच्या सीमा’ असे एकच वारसास्थळ मानले गेले. जर्मनीत स्मारके हा घटक राज्यांचा विषय असल्याने ही एक रेषा चार राज्यांच्या चार कायद्यांखाली येते. तरीही भूमिगत अवशेष, टेहळणीच्या बुरुजांची निव्वळ जागा आणि भोवतीचा संरक्षक पट्टा हे सर्व एका आराखड्यात बसवण्यात आले. केंद्र आणि राज्य यांच्या याद्या वेगळ्या असल्याची सबब आपल्याकडे सांगितली जाते, तेव्हा हे उदाहरण आठवावे.

रणभूमीबाबतही तेथे दोन वाटा दिसतात. इंग्लंडमध्ये १९९५ पासून ऐतिहासिक रणभूमींची नोंदवही आहे. या नोंदीने शेती थांबत नाही, की स्वतंत्र परवाना लागत नाही. पण बांधकामाच्या अर्जावर निर्णय देताना स्थानिक प्रशासनाला तिची दखल घ्यावी लागते. दुसरी वाट पुराव्याची. इसवी सन ९ मध्ये जर्मन टोळ्यांनी तीन रोमन पलटणींचा संहार केला. ती लढाई नेमकी कोठे झाली यावर शतकानुशतके वाद होता. १९८७ मध्ये टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला काल्क्रीझे येथे शेतात रोमन नाणी आणि गोफणीच्या शिशाच्या गोळ्या सापडल्या. गोळ्यांवरून तेथे सैन्य होते हे सिद्ध झाले, मग उत्खनन आले, आणि आज ते रणक्षेत्र या लढाईशी जोडले जाते. कागदावरच्या लढाईला जमिनीवरचा पत्ता मिळाला.

रणभूमीपेक्षा विजेत्याची वास्तू जपण्याकडे आपला कल आहे. पानिपतात बाबराने १५२६ च्या विजयानंतर बांधलेली काबुली बाग मशीद केंद्र-संरक्षित आहे. मराठी माणूस जिथे नतमस्तक होतो त्या १७६१ च्या रणभूमीची खूण मात्र प्रामुख्याने काला आम येथील स्मारकस्तंभ आहे. महाराष्ट्रातही असई आणि अकोला जिल्ह्यातील अडगाव ही १८०३ च्या लढायांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत ठळक आहेत.

काय करता येईल

रोहिणखेडसाठी नवा कायदा लागत नाही. १९५८ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे केंद्र सरकार एखादे स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवण्याचा इरादा दोन महिन्यांच्या सूचनेने जाहीर करते. सूचनेची प्रत स्थळाजवळ ठळक जागी लावावी लागते, हितसंबंधितांच्या हरकती विचारात घ्याव्या लागतात, आणि मग अंतिम अधिसूचना निघते. राज्याच्या १९६० च्या कायद्याखालीही संरक्षण देता येते. दोन्ही ठिकाणी अडते ते ‘सबळ कारण’ या शब्दांपाशी. फार्सी तवारिखा लढाई झाली असे सांगतात. कोणत्या गट क्रमांकात झाली हे सांगत नाहीत. घाटाची जुनी वाट, पाणवठे, छावणीयोग्य सपाटी, कबरी, गावातील मौखिक स्मृती आणि शेतात निघणाऱ्या वस्तू यांची पद्धतशीर पाहणी झाल्याशिवाय अधिसूचनेला हद्द घालता येणार नाही. आणि हद्द न घालता काढलेली अधिसूचना गावावर अन्याय करील, हेही तितकेच खरे.

शेतकऱ्याला वाटणारी भीती समजण्यासारखी आहे. कायद्याचे कलम १९ संरक्षित क्षेत्रात बांधकाम, खाणकाम, सुरुंग यांना मनाई करते, मात्र एक फुटापर्यंतच्या मशागतीला मुभा देते. वखरणी, पेरणी, डवरणी यांना अडचण येत नाही. विहीर खणणे, शेततळे काढणे, मुरूम उचलणे यांना येते. घाटपायथ्याच्या गावात पाणी आणि मुरूम या दोन्ही गोष्टींना काय मोल आहे हे सांगायला नको. कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे. ती प्रत्यक्षात कितपत आणि किती वेळात मिळते, यावर गावाचा कौल अवलंबून राहील.

नुसत्या अधिसूचनेने भागते असेही नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालासाठी १,६५५ स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी झाली, तेव्हा त्यांतील ९२ जागेवर आढळलीच नाहीत. २०२४ मध्ये सर्वेक्षण विभागाने अशा हरवलेल्या १८ स्मारकांना यादीतून वगळण्याची प्रक्रिया हाती घेतली. उभी स्मारके यादीत असून नाहीशी होत असतील, तर जी रणभूमी यादीतही नाही तिचे काय होत असेल याची कल्पना करावी.

तोवर रोहिणखेडच्या शिवारात नांगराला जे लागेल ते १८७८ च्या निखात निधी कायद्याच्या हवाली आहे. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास आणि तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे तो सांगतो. सोन्याची मोहोर निघाली तर कायदा जागा होतो. गंजलेले बाणाचे टोक किंवा बंदुकीची शिशाची गोळी, म्हणजे नेमकी जी वस्तू १४३७ किंवा १५९१ ची रणभूमी कोठे होती हे सांगू शकेल, ती भंगाराच्या भावात दहा रुपयांचीही भरत नाही.